फाटकाबाहेरचे पहिले दिवस

मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाच्या फाटकाशी वर्षानुवर्षं एक जामीनपेटी आहे. न्यायालयाने जामीन दिला, जामीनदाराचे कागद मंजूर झाले, तरी सुटकेच्या आदेशाची प्रत या पेटीत पडल्याशिवाय आतला माणूस सुटत नाही, अशी तिथली जुनी रीत. पेटी ठरलेल्या वेळी उघडतात. संध्याकाळची शेवटची वेळ चुकली की आणखी एक रात्र आत. गावाहून आलेल्या नातेवाइकांना हे बहुतेकदा फाटकाशी पोचल्यावरच कळतं.

सुटकेनंतरच्या मदतीचंही असंच आहे. मदत आहे, पण प्रत्येक मदतीचं कार्यालय वेगळं आणि तिची वेळ वेगळी, आणि सुटणाऱ्याला हे सगळं एका ठिकाणी सांगणारं कुणी नसतं. महाराष्ट्रातल्या कारागृहातून बाहेर पडणाऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी कुठून सुरुवात करावी, ते इथे क्रमाने सांगतो. यातलं बरंचसं काम सुटकेआधीच सुरू करता येतं, आणि करायला हवं.

आधी एक गोष्ट पक्की करायची: सुटका कुठल्या प्रकारची आहे? देशातल्या कारागृहांत दर चार बंद्यांमागे जवळपास तिघे न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नाही. त्यामुळे फाटकाबाहेर येणारे बहुतेक लोक जामिनावर आलेले असतात. त्यांच्यासाठी ‘सुटलो’ हे अर्धंच खरं. काही जण निर्दोष ठरून येतात. उरलेले शिक्षा भोगून, माफीचे दिवस वजा होऊन येतात. तिघांच्या हातातला कागद वेगळा आणि पुढची कामंही वेगळी.

जामीन मंजूर होऊनही आतच राहिलेल्यांची संख्या मोठी आहे, म्हणून तिथून सुरुवात करू. अडतं ते जामीनदारापाशी. न्यायालय जामीनदाराचा ऐपतीचा दाखला मागतं, तो तहसीलदाराकडून आणावा लागतो. शेतमजुराच्या किंवा फुटपाथवर राहणाऱ्याच्या ओळखीत ऐपतदार कोण असणार? 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहाकडे जावी. सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. महिना उलटूनही जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय आपणहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिकच जामीनदार हवा असा आग्रह धरू नये, हेही त्यात आहे. याशिवाय केंद्राची 2023 पासूनची गरीब बंद्यांसाठीची योजना आहे. तिच्या 2023 च्या मूळ नियमांप्रमाणे न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत, आणि केवळ दंड भरता न आल्यामुळे आत असलेल्या सिद्धदोष बंद्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत रक्कम सरकार भरतं. अमली पदार्थ, भ्रष्टाचार, मनी लाँड्रिंग, बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायदा अशा काही गुन्ह्यांना ती लागू नाही. बाकीच्यांच्या घरच्यांनी कारागृह अधीक्षकांना आणि विधी सेवा प्राधिकरणाला साधा अर्ज लिहून ही योजना नावाने मागावी. न मागता ती क्वचितच मिळते.

आणखी एक तरतूद घरच्यांना ठाऊक असावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला जामिनावर सोडायला हवं. पूर्वी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळच पुरे, आणि अशा वेळी न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकांवर आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असणाऱ्यांना याचा फायदा मिळत नाही.

सुटण्याच्या आदल्या आठवड्यात दुसरी एखादी केस उभी नाही ना, हे वकिलाकडून तपासून घ्यावं. एका केसमध्ये जामीन झाला आणि दुसऱ्या पोलीस ठाण्याचं वॉरंट फाटकावरच हजर, असं घडतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो घरातल्या दोघातिघांनी लिहून ठेवावा. त्यावरून पुढची तारीख घरबसल्या कळते. जामिनावरच्या माणसाची एक तारीख चुकली तर अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं, मग आतापर्यंतची सगळी धावपळ पाण्यात. पोलीस ठाण्यात हजेरीची अट असेल तर गेल्याची नोंद होते आहे ना, ते दर वेळी बघावं आणि स्वतःच्या वहीतही तारीख टिपावी.

निर्दोष सुटलेल्याचंही एक बंधन राहतं. सरकार वरच्या न्यायालयात गेलं तर तिथे हजर राहीन, असा सहा महिन्यांचा बंधपत्राचा कागद त्याच्याकडून घेतात. निकालपत्राच्या दोन-तीन प्रमाणित प्रती त्याने लगेच काढून ठेवाव्यात. त्या आयुष्यभर लागतील.

आता फाटकापाशी. बाहेर पडताना आत जमा केलेल्या वस्तू, खात्यावरची खासगी रोकड आणि सिद्धदोष असेल तर कामाच्या मजुरीची शिल्लक मिळते. सही करण्यापूर्वी मोजून घ्यावं. सुटकेचा दाखला मागून घ्यावा, तो मिळाल्याशिवाय पुढचं कुठलंच कार्यालय बोलणार नाही. आत सुतारकाम, विणकाम, बेकरी असं काही शिकला असेल, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची परीक्षा दिली असेल, तर ती प्रमाणपत्रं तिथेच ताब्यात घ्यावीत. मागाहून पत्र लिहून मागवणं फार कष्टाचं जातं. औषधं चालू असतील तर उपचाराचे कागदही घ्यावेत. क्षयरोगाचा उपचार चालू असेल तर निक्षय क्रमांक विचारून घ्यावा. त्या क्रमांकावर गावच्या सरकारी दवाखान्यात औषध पुढे चालू होतं, आणि पोषणासाठीचे महिन्याचे 1,000 रुपयेही खात्यात येतात. अटकेच्या वेळी पोलिसांनी घेतलेला मोबाइल किंवा गाडी मात्र कारागृहात नसते. तो मुद्देमाल. त्यासाठी खटला चाललेल्या न्यायालयात अर्ज करावा लागतो.

मोबाइलचा विषय निघालाच आहे, तर इथे थोडं थांबू, कारण बाहेरच्या आयुष्याची पहिली गाठ तिथेच बसते. समजा, एक माणूस 2015 साली आत गेला. त्याने हजाराची नोट पाहिली आहे, क्यूआर कोड पाहिलेला नाही. त्याचा जुना मोबाइल क्रमांक काही महिने वापरात नव्हता, म्हणून बंद झाला आणि पुढे दुसऱ्याच कुणाला मिळाला. आधारला आणि बँकेला तोच क्रमांक जोडलेला. म्हणजे ओटीपी भलत्याच्या फोनवर. नवं सिम घ्यायला आधार हवं, आधारचा फोन बदलल्याशिवाय खातं उघडत नाही, खातं नाही म्हणून मजुरी नाही. ही साखळी एका ठिकाणीच सुटते: आधार केंद्रावर स्वतः जाऊन, बोटांचे ठसे देऊन, नवा क्रमांक जोडायचा. त्यासाठी वेगळं कागदपत्र लागत नाही. सिम आधी नातेवाइकाच्या नावाचं वापरलं तरी चालतं, पण ते माणूस विश्वासाचं हवं. आधार मुळातच नसेल तर आत असतानाच काढून घेणं सोपं, कारण कारागृहातल्या ई-प्रिझन्स नोंदीचा दाखला आता आधार नोंदणीसाठी ग्राह्य धरतात.

आधार झालं की बँक. दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, पण पैसे जात नाहीत. दहा वर्षांनंतर ते रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात, तरीही दावा करून परत मिळतात. निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला बँकेला शुल्क घेता येत नाही, किमान शिल्लक नव्हती म्हणून दंडही लावता येत नाही. कुणी खिडकीवर परत पाठवलं तर ‘रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, शाखाधिकाऱ्यांशी बोलतो’ एवढं शांतपणे म्हणावं. मग रेशन कार्ड. नाव कमी झालं असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत, मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयात, सुटकेचा दाखला जोडून अर्ज. मतदार यादीतून नाव गेलं असेल तर फॉर्म 6 भरायचा. आत असताना मतदान करता येत नाही, बाहेर आल्यावर तो हक्क पूर्ण परत मिळतो, शिक्षा झालेली असली तरीसुद्धा. अनेकांना वाटतं की तो कायमचा गेला. तसं नाही.

पैशांची आणि कामाची मदत कोण करतं? जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय असतं. तिथे परिविक्षा अधिकारी बसतात. मुक्त बंद्यांचं पुनर्वसन हे त्यांचं नेमून दिलेलं काम आहे, आणि लहानसा स्वयंरोजगार उभा करण्यासाठी मुक्त बंद्याला अर्थसाहाय्य देण्याची महाराष्ट्राची योजना याच विभागाकडे आहे. कार्यालयाच्या नावात ‘महिला व बाल’ आहे म्हणून पुरुष बंदी तिकडे फिरकतच नाहीत, आणि घरच्यांनाही ते सुचत नाही. मला हे फार खटकतं. ज्या दारावर त्याने जायला हवं त्या दारावरच्या पाटीवर त्याचा उल्लेखही नाही, आणि आतही त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही. तेव्हा अर्ज घेऊन तिथेच जा. सुटकेचा दाखला, आधार, बँक पासबुक आणि काय धंदा करणार याचं चार ओळींचं म्हणणं जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

मुंबई परिसरात टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून कारागृहांत आणि न्यायालयांत काम करतो आहे. त्यांचे समाजकार्यकर्ते बंद्याला आत भेटतात, घरच्यांशी संपर्क जोडून देतात. सुटलेल्यांपैकी काहींना विद्यावेतन देऊन स्वयंसेवी संस्थांत कामाचा अनुभव देतात. वर्षभर वेळेवर येणं, हिशेब देणं, सहकाऱ्यांशी बोलणं याची सवय परत लागते आणि कुणाचं तरी शिफारसपत्र हातात येतं. तुरुंगातून आलेल्याला पहिली नोकरी मिळणं फार अवघड. दुसरी मात्र या पत्रावर मिळू शकते. आत असतानाच कुटुंबाची गरज भागवता यावी म्हणून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना 2022 मध्ये महाराष्ट्र दिनी येरवड्यात सुरू झाली. तिच्यात सिद्धदोष बंद्याला त्याच्या मजुरीवर 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. घर मोडू नये म्हणून केलेली ही व्यवस्था मला मोलाची वाटते, कारण परतायला घरच उरलं नाही तर बाकीच्या योजनांचा काय उपयोग?

नोकरीत अडवणारा कागद म्हणजे पोलिसांची चारित्र्य पडताळणी. सुरक्षारक्षक, टॅक्सी, कंपन्यांची कंत्राटी कामं, सगळीकडे ती मागतात, आणि निर्दोष सुटलेल्याचाही जुना गुन्हा नोंदीत दिसू शकतो. निकालपत्राची प्रमाणित प्रत तिथे कामी येते. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात कधी अटक झाली होती का, असं विचारलेलं असेल तर खरं लिहावं. अवतार सिंग खटल्यात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माहिती दडवणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं. उलट, खरं सांगितलं असेल तर गुन्ह्याचं स्वरूप पाहून नियुक्ती करणाऱ्याने विचार करायचा असतो. न्यायालयाने शिक्षेऐवजी 1958 च्या परिविक्षा कायद्याखाली सोडलेलं असेल तर कलम 12 प्रमाणे त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागतच नाही. हे कलम खुद्द वकीलही सांगायला विसरतात. हे सगळं मार्गी लागेपर्यंत रोजचं पोट भरायला बांधकाम, केटरिंग, बाजारातली हमाली अशी कामं असतात, तिथे पडताळणी कुणी मागत नाही. बांधकामावर वर्षात 90 दिवस भरले की बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होते. मुलांची शिष्यवृत्ती आणि आजारपणाची मदत त्यावर मिळते.

परदेशी जायचा विचार असेल तर खटला चालू असताना पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी लागते. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर त्या दोषसिद्धीपासून पाच वर्षं पासपोर्ट नाकारता येतो. त्यानंतर या कारणावरून नाकारता येत नाही.

पोलिसांचं बोलावणं हा काही समाजांसाठी या सगळ्याहून मोठा प्रश्न आहे. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी आणि इतर अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत करून ठेवलं. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. पण 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि संशयाची वही बंद झालीच नाही. पारधी तरुण एकदा आत जाऊन आला की परिसरातल्या प्रत्येक चोरीनंतर त्याच्या पालावर गाडी येते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांमधले जातिभेदाचे नियम रद्द केले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असंही पोलिसांना बजावलं. तोंडी बोलावणं आलं तर लेखी नोटीस मागता येते. स्त्रीला किंवा साठ वर्षांवरच्या माणसाला चौकशीसाठी साक्षीदार म्हणून ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राची, म्हणजे चॅप्टर केसची नोटीस आली तर गप्प न बसता वकिलासह उत्तर द्यावं. तडीपारीचा आदेश झाला तर तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. हे तीस दिवस घाबरून घरात काढले तर हक्क जातो.

बाईची सुटका फार वेगळी. पुरुषाला न्यायला फाटकावर सहसा कुणीतरी आलेलं असतं, बाईला न्यायला बरेचदा कुणीच नसतं. सासरचं दार बंद, माहेरचे कानावर हात ठेवून. तिने 181 या महिला हेल्पलाइनला फोन करावा. शक्ती सदन या सरकारी निवाऱ्यात राहायची सोय होते, आणि कुणाचाच आधार नसलेल्या मुक्त महिला बंद्यांना तिथे जागा मिळते. एसटीत बायकांना 2023 पासून निम्मं तिकीट आहे, हे तिला आत कुणी सांगितलेलं नसतं. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर आत राहू शकतं, त्यापुढचं बाहेर नातेवाइकांकडे किंवा संस्थेत जातं. पालक कारागृहात असलेल्या मुलासाठी राज्याची बालसंगोपन योजना महिन्याला 2,250 रुपये देते. आई सुटून आली की मूल परत मिळवण्यासाठी बालकल्याण समितीपुढे जायचं असतं. मूल ओळखत नाही, ‘मावशी’ म्हणतं, तेव्हा समितीपुढे रडून न थांबता भेटीची ठरावीक वेळ लिहून मागावी, आणि ती एकदाही चुकवू नये.

शरीर आणि मन यांच्याविषयी थोडं. कारागृहात संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास जेवण उरकून बराकी बंद होतात, रात्रभर दिवा जळतो, पहाटे मोजणी होते. घरी आलेला माणूस अंधारात झोपू शकत नाही, नऊच्या जेवणाला त्याला भूक नसते, दार आतून लावलं की तो उठून बसतो. घरच्यांनी याचा राग मानू नये. काही महिने असंच चालतं. झोप येतच नसेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पूर्वी गर्द किंवा तत्सम नशा करणाऱ्याच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका पहिल्या दोन आठवड्यांत असतो. आत असताना सवय सुटलेली असते, शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि बाहेर येऊन जुन्याच मात्रेत घेतलं तर माणूस दगावतो. पहिल्याच दिवशी जुने मित्र ‘पार्टी’ द्यायला येतात. त्या दिवशी घरातल्या कुणीतरी त्याच्याबरोबर राहावं.

सुटून आलेल्याला काम देणारे कारखानदार आणि दुकानदार महाराष्ट्रात थोडे का होईना, आहेत. पण त्यांच्याकडे असा माणूस पोचवणारं कुणी नसतं. आदर्श कारागृह नियमावली, 2016 मध्ये सुटकेनंतरच्या देखभालीचं स्वतंत्र प्रकरण आहे. न्यायमूर्ती मुल्ला समितीने तर 1983 मध्येच यावर भर दिला होता. सुटकेच्या काही महिने आधीपासून प्रत्येक बंद्याबरोबर बसून घर, काम, कागद आणि औषध यांचा आराखडा करावा, ही अपेक्षा जुनीच आहे. ती पुरी करायला पुरेसे परिविक्षा अधिकारी नेमणं हे सरकारचं काम आहे, आणि त्याची मागणी आपण मतदार म्हणून लावून धरली पाहिजे.

तोवर, तुमच्या घरातलं किंवा शेजारचं कुणी येत्या दोन-तीन महिन्यांत सुटणार असेल, तर याच आठवड्यात जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, किंवा 15100 वर फोन करा. कोठडीतल्या व्यक्तीला, प्रत्येक स्त्रीला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला तिथे मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट त्यांना नाही.